क्वांगटुंगचा धडा

भूगोलाच्या खोडके सरांनी मला फसवलं. नांदुऱ्याच्या कापूस बाजारात मी भाव नेहमी शेवटी सांगतो, पण हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढचं वाचताना कोणाला वाटायला नको की हा माणूस जुन्या आठवणींचा मुरांबा घालायला बसला आहे.

मार्च लागला की आमच्या गावाचा वास बदलतो. जिनिंगमधल्या सरकीचा तेलकट वास ओसरायला लागतो. फरदडीच्या, म्हणजे वेचणी संपल्यावर झाडाला पुन्हा आलेल्या कापसाच्या, शेवटच्या गाड्या येतात. त्यांतला कापूस पिवळट, काडीकचऱ्यानं भरलेला, विकणाऱ्यालाही त्याची लाज वाटते. कडुलिंबाला तांबूस पालवी फुटते आणि बारीक पांढरा मोहर रस्त्यावर सडा घालतो. आणि परीक्षेची पोरं स्टेशनवर येतात. घरात जागा नसते, घरात बोलणारी माणसं असतात. फलाटाच्या पार टोकाला, जिथं गाडीचे शेवटचे डबेही पोचत नाहीत, तिथं ती पुस्तक छातीशी धरून येरझारा घालतात. मालगाडी धडधडत जाते तेव्हा त्यांचा आवाज बुडतो, पण ओठ हलायचे थांबत नाहीत.

परवा मलकापूरला जायला मी तिथं उभा होतो. एक मुलगी माझ्या शेजारून पाठ करत गेली. "सी-क्यांग, पे-क्यांग, तुंग-क्यांग. पश्चिमेची नदी, उत्तरेची नदी, पूर्वेची नदी. क्वांगटुंग प्रांत दक्षिण चीनच्या किनाऱ्यावर..."

हातातलं तिकीट मी कधी चुरगाळलं ते मला कळलं नाही.

"बाई," मी तिला हाक मारली, "हा धडा हाय आता पुस्तकात?"

ती दचकली. "हाव काका. पेपरात येतेच म्हणते आमचे सर."

"मंग पाठ कर. कोनी सोडून दे म्हटलं तं ऐकू नको."

ती चार पावलं मागे सरकली आणि फलाटाच्या दुसऱ्या बाजूला गेली. तिचं बरोबर होतं. माझा आवाज बाजारातला आहे, आणि त्यात त्या वेळी राग होता. तो तिच्यावरचा नव्हता.

महाराष्ट्र नुकताच झाला होता तेव्हाची गोष्ट. माझे वडील जिनिंगमध्ये गाठी वाहून वाहून पाठीतून वाकले होते. मी सातवीनंतर शाळा सोडून कापूस बाजारात उभा राहिलो आणि रुमालाखालचा सौदा शिकलो. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. घेणारा आणि विकणारा समोरासमोर येतात, दोघांच्या हातांवर एक रुमाल पडतो. वर पावसापाण्याच्या गप्पा चालतात, खाली बोटं बोलतात. बोट धरलं तर एक आकडा, पेर दाबलं तर दुसरा. भोवती माणसांचं कडं असतं आणि कोणालाच काही कळत नाही. सौदा पटला की पूर्ण पंजा घट्ट दाबायचा. त्यापुढे सही नाही, साक्ष नाही. पंजा दाबून फिरलेला एक माणूस मी पाहिला आहे. त्याच्यापुढे पुन्हा कोणी रुमाल धरला नाही. बाजार भरलेला असायचा आणि तो दोन्ही हात लोंबकळत ठेवून उन्हात उभा असायचा. आता सरकारनं उघडा लिलाव आणला. बरं झालं की वाईट, त्यात मी पडत नाही. पण पंजा दाबला की शब्द दिला, हे माझ्या हाडात मुरलं ते त्या दिवसांत.

मुंबईचे एक शेठ दर हंगामात खरेदीला यायचे. गाठी जहाजावर चढतात त्या गोदीजवळ त्यांची कचेरी होती. माझी जीभ त्यांना आवडली, बोटं त्याहून आवडली. एकदा म्हणाले, "नामदेव, मॅट्रिक हो. गोदीच्या कचेरीत तुझी जागा धरून ठेवतो."

मी लगेच घासाघीस सुरू केली. "शेठ, सातवीवर घ्या. परीक्षा तिकडं येऊन देतो."

"यात सौदा नाही," ते म्हणाले.

असं मला त्याआधी कोणी म्हटलं नव्हतं. मला समुद्र माहीत नव्हता. पूर्णेला पूर आला की पाहायला जायचो, तेवढंच मी पाहिलेलं मोठं पाणी. गोदीची कचेरी म्हणजे काय ते मला नीट कळलं नव्हतं, पण तिच्या खिडकीतून जहाज दिसत असणार, हे मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

खोडके सर बाहेरून परीक्षेला बसणाऱ्यांचा वर्ग घ्यायचे, संध्याकाळी, शाळेच्या शेवटच्या खोलीत, फुकट. हे मी लपवणार नाही. कोणी शिंपी होता, कोणी रेल्वेचा पॉइंट्समन, कोणी माझ्यासारखा बाजारातला. सरांचा भाचा मधुकर, वरवट बकालचा, त्यांच्याच घरी राहून शिकत होता. तोही त्याच वर्षी मॅट्रिकला होता आणि मधूनमधून आमच्यात येऊन बसायचा. हुशार, अबोल पोरगा. गोदीच्या जागेची गोष्ट मी सरांना सांगितली तेव्हा त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "मग तुला समुद्राचाच धडा आधी शिकवतो," म्हणाले.

आणि त्यांनी क्वांगटुंग काढला.

लांबलचक पट्टी त्यांनी भिंतीवरच्या नकाशावर आडवी धरली. एका टोकाला नांदुरा. "आता या पट्टीवरून पूर्वेला चाल," मला म्हणाले. मी बोट सरकवत गेलो. ओरिसा, बंगालचा उपसागर, ब्रह्मदेश, टोंकिनचं आखात, आणि मग समुद्रात जिभेसारखी बाहेर आलेली जमीन. "हा त्या प्रांताचा दक्षिणेकडचा तुकडा. तू आणि तिथला माणूस एकाच रेषेवर राहता. फक्त सूर्य त्याच्याकडे आधी उगवतो."

"मंग तेथी बी पऱ्हाटी होते का सर?" शिंप्यानं विचारलं.

"नाही रे. तिथं धो धो पाऊस. भात, वर्षातून दोनदा. ऊस, केळी, लिची. कापूस त्यांना बाहेरून लागायचा. जुन्या काळी मुंबईहून गलबतं भरून कँटनला, त्या प्रांताच्या मोठ्या बंदराला, जायचा. त्यात आपल्या वऱ्हाडातलाही गेला असेल." सर थांबले, मिशीत हसले. "आणि तिकडचे व्यापारी ओरडायचे, की हिंदुस्थानच्या गाठीत खडे निघतात, कापूस ओला असतो."

वर्ग माझ्याकडे वळून हसला. मी उसळलो. "घेतल्यावर ओरडले, त्यात त्याइचीच चूक हाय सर. गाठ फोडून पाह्यची, मंग पंजा दाबायचा."

"याला कँटनलाच पाठवा," सर म्हणाले.

त्यांची शिकवण्याची रीत अशी होती. नदीचं नाव येण्याआधी नदीवरची माणसं यायची. कँटनच्या बंदरात परदेशी माणसाला वाटेल त्याच्याशी व्यापार करता येत नसे. सरकारनं नेमलेले ठरावीक व्यापारी होते, माल त्यांच्याच हातून घ्यायचा आणि त्यांच्याच हातून द्यायचा. गोऱ्यांनी नदीकाठच्या वखारीत राहायचं, शहराच्या तटाआत पाऊल टाकायचं नाही, बायका आणायच्या नाहीत, चिनी भाषा शिकायची नाही, आणि व्यापाराचा हंगाम संपला की मुकाट्यानं जवळच्या पोर्तुगीज मकावला निघून जायचं. मी पुढच्या बाकावरून ओरडलो, "म्हंजे अडत्येच की! गिऱ्हाइकाले उंबऱ्याबाहेर उभं ठेवलं तं भाव आपला."

"हो. आणि मग त्या गिऱ्हाइकानं अफू आणली," सर शांतपणे म्हणाले.

अफू आपल्याच देशातली होती. त्यातली पुष्कळ सातपुड्यापलीकडच्या माळव्यातली. चहा आणि रेशीम घेऊन चांदी मोजणं गोऱ्यांना परवडेना, म्हणून त्यांनी चांदीऐवजी व्यसन दिलं. तिथल्या एका अधिकाऱ्यानं पेट्याच्या पेट्या जप्त करून समुद्रकाठच्या खड्ड्यांत मीठ आणि चुना घालून विरघळवल्या. त्यावर लढाऊ जहाजं आली, तोफा चालल्या, आणि नदीच्या मुखाजवळचं हाँगकाँग बेट गेलं ते गेलंच. सरांनी खडू खाली ठेवला. "आता सांगा, कोणी कोणाला फसवलं?" पॉइंट्समन म्हणाला गोऱ्यानं. शिंपी म्हणाला पिणाऱ्यानं स्वतःला. मी म्हणालो, वखारीतला दलाल दोन्हीकडून खात असणार, त्याला धरा. शिपाई खोली बंद करायला येऊन उभा राहिला तरी आमचं भांडण मिटलं नव्हतं.

घरी जाऊन मी माझ्या मायला ते सगळं सांगायचो. तिला एकच गोष्ट आवडली होती, तळ्यांची. त्या प्रांतातल्या नद्यांच्या मुखाशी लोक तळी खणतात. बांधावर तुती लावतात. तुतीची पानं रेशमाच्या किड्यांना, किड्यांची घाण तळ्यातल्या माशांना, तळ्याचा गाळ काढून पुन्हा तुतीच्या मुळाशी. माय भाकर थापता थापता थांबली.

"म्हंजे त्याइच्यात काईच वाया जात नाही?"

"काईच नाही."

"मंग गरीब काऊन हाय ते?"

मी दुसऱ्या दिवशी सरांना विचारलं. सर म्हणाले, तिथं डोंगर फार, सपाट जमीन थोडी, माणसं अमाप, आणि उन्हाळ्याच्या शेवटी समुद्रावरून वादळं येतात ती पिकं झोपवून जातात. म्हणून तिथली माणसं पिढ्यान्पिढ्या जहाजात बसून मलायाला, सयामला, जावाला पोट भरायला गेली. मायला हे सांगितलं तेव्हा तिनं भाकर तव्यावर टाकली. "आपल्यावानीच," म्हणाली. "तू बी चाललाच ना मुंबईले."

मग चीनशी युद्ध झालं. चहाच्या टपरीवरच्या रेडिओभोवती बाजार जमायचा. बायकांनी अंगावरचं सोनं दिलं, आम्ही सैन्यासाठी घोंगड्या गोळा केल्या. शाळेत सभा झाली. पाहुणे आवेशात बोलले, पोरं त्याहून आवेशात आली, आणि कोणीतरी ओरडलं की शत्रूचा धडा आपल्या पुस्तकात कशाला. मैदानात जाळ पेटला. खोडके सर स्वतः पुढे होते. वर्गातल्या प्रत्येकाच्या पुस्तकातून त्यांनी चीनची पानं आपल्या हातानं काढली आणि आगीत टाकली. माझ्या पुस्तकातली पानं जाताना मला नकाशा दिसला. किनारा आधी काळा पडला, मग डोंगर.

मी देशाच्या बाजूचाच होतो. पण मी बाजारातलाही होतो. सभा पांगल्यावर सरांना व्हरांड्यात गाठलं.

"सर, पेपरात आला तं?"

"अरे, शत्रूचा भूगोल कोण विचारणार? यंदा चीन येत नाही. निर्धास्त सोडून दे."

"खात्रीनं?"

"खात्रीनं."

मी खिशातला रुमाल काढून हातावर टाकला आणि पुढे धरला. सर हसले. "काय रे हे, मी काय कापूस विकतो का?"

"मले तोंडाचं समजत नाही सर. माही मुंबई हाय याच्यावर."

त्यांनी रुमालाखाली हात घातला आणि माझा पंजा घट्ट दाबला. खडूनं कोरडा पडलेला, उबदार हात. त्या हातावर मी धडा सोडून दिला.

केंद्र खामगावला होतं. भूगोलाच्या प्रश्नपत्रिकेत सोडून देता न येणारा एक मोठा प्रश्न होता: दक्षिण चीनच्या किनाऱ्यावरील एका प्रांताचा भूगोल, इतिहास व अर्थव्यवस्था यांविषयी लिहा, नकाशा काढा. मी तो पुन्हा पुन्हा वाचला. गोष्टी मला येत होत्या. नावं येत नव्हती. सरांनी गोष्टी वर्गात सांगितल्या होत्या, नावं आम्ही पुस्तकातून पाठ करायची होती, आणि ती पाठ करायच्या आधीच पानांची राख झाली. वखारी लिहिल्या, अफू लिहिली, तुतीची तळी लिहिली. तिन्ही नद्या एक करून टाकल्या. कोणत्या बंदरातून काय जातं ते उलटंसुलटं झालं. नकाशा काढायला घेतला तर किनारा कोकणासारखा सरळसोट उतरला. पुढच्या बाकांवर मधुकर मान खाली घालून लिहीत होता. मध्येच त्यानं हात वर करून पुरवणी मागितली.

परत आल्यावर सर भेटले. डोळे खाली घालून म्हणाले, "अंदाज चुकला रे. कोणाला माहीत होतं?" आणि मी, जो भावात पैचं कमीजास्त झालं तर समोरच्याची कॉलर धरतो, तो त्यांना म्हणालो, "जाऊ द्या सर, तुम्ही तरी काय करनार." मी त्यांना धीर दिला. हे आठवलं की आजही कानशिलं तापतात.

बाकी सगळ्या विषयांत मी पास झालो. भूगोलात गेलो. शेठना माणूस त्याच हंगामात हवा होता; ऑक्टोबरच्या परीक्षेपर्यंत ते थांबायला तयार नव्हते. सरांनी त्यांच्याकडे मधुकरसाठी शब्द टाकला. मधुकर मुंबईला निघाला तेव्हा त्याची ट्रंक मी डब्यात चढवली. मला वाटलं, निदान आपल्या ओळखीचं कोणी तरी जातंय.

चीननं देशाला दगा दिला, असं तेव्हा घरोघरी बोललं जायचं. दिला असेल. मोठ्यांचं मोठ्यांनी पाहावं. माझं नुकसान करायला कोणाला हिमालय ओलांडावा लागला नाही.

पुढे मी इथंच वाढलो. आज माझी स्वतःची अडत आहे आणि दारात माझ्या नावाची पाटी आहे. मॅट्रिक मी पुन्हा दिली नाही, पण तो प्रांत मी सोडला नाही. मोठा नकाशा विकत आणला, मिळेल ते वाचलं. उत्तरेला नानलिंगचे डोंगर आहेत, ते थंड वारा अडवतात. हैनान बेटावर नारळ होतो, रबर होतं. चहा पुष्कळसा शेजारच्या प्रांतातून डोंगर उतरून कँटनला यायचा. आता कोणी विचारलं तर किनाऱ्याची प्रत्येक खाच मी डोळे मिटून काढून देईन. विचारत कोणी नाही. मुंबईला धंद्यासाठी अनेकदा गेलो. गोदीच्या बाजूला मात्र पाय वळला नाही.

आणि तरीही मी सरांना वर्षानुवर्षं वाकून नमस्कार करत होतो. चूक कोणाचीही होते. पाऊस चुकतो, बाजार चुकतो, मास्तर चुकतो.

मग वरवट बकालला मधुकरच्या चुलत बहिणीचं लग्न निघालं. पंगतीत मधुकर माझ्या शेजारी बसला. अंगानं भरला होता, बोलायला लागला होता.

"नामदेवभाऊ, तुमी तेव्हा भूगोलात कसे गेले हो? तुमाले तं चीन आमच्याहून जास्त येत होता."

"पानं जाळली ना बाप्पा माही. तुही बी जाळलीच असन."

"माही कायले जाळतीन?" तो वांग्याच्या भाजीत पोळी बुडवत सहज म्हणाला. "मामानं माह्यं पुस्तक सभेच्या आधीच घरी ठेवलं होतं. म्हणे, हा धडा कधी बी येऊ शकते. रोज सकाळी म्हणून घेत माह्याकडून. नकाशा तं इतक्या वेळा काढून घेतला की हात दुखे."

वाढपी जिलेबी घेऊन आला. "घ्या ना भाऊ, आग्रह करू का?" मी पानावर हात आडवा धरला. मधुकरच्या मनात काही नव्हतं. त्याला माहीतच नव्हतं की तो काय बोलला. मी उठलो तेव्हा तो मागून ओरडला, "अहो भाऊ, ताक तं घेऊन जा!"

तिथून मी सरळ सरांच्या घरी गेलो. ते निवृत्त झालेले, अंगणात खाटेवर बसून चष्मा पुसत होते. मी उभ्यानंच विचारलं. त्यांनी नाही म्हटलं नाही. काकूंना चहा टाकायला सांगितलं. यंदा हरभरा बरा झाला, म्हणाले. मी पुन्हा विचारलं. तेव्हा चष्मा डोळ्यांवर चढवून म्हणाले:

"जाऊ दे नामदेव. झालं ते चांगलंच झालं. तू आज मालक आहेस. तो अजून दुसऱ्याच्या कचेरीत खर्डेघाशी करतो."

"ते माह्यं मी केलं सर. त्याच्यात तुमी काऊन हिस्सा मागून राह्यले?"

चहा आला, मी घेतला नाही. काकू कप हातात धरून माझ्याकडे आणि त्यांच्याकडे पाहत राहिल्या.

त्यानंतर रस्त्यात भेटलो की सर दुसऱ्या कडेला जातात. गावातली माणसं मला समजावतात: म्हातारा माणूस आहे, फुकट शिकवलं त्यानं, सोड. अंदाज चुकला असता तर कधीच सोडलं असतं. पण घरात 'येऊ शकतो' म्हणून शिकवायचं आणि व्हरांड्यात 'येत नाही' म्हणून पंजा दाबायचा, याला अंदाज म्हणत नाहीत. भाच्यावर जीव असणं मी समजतो. त्याला जागा मिळावी असं वाटणं समजतो. मला तोंडावर सांगितलं असतं की नामदेव, ही जागा मला मधुकरसाठी हवी, तर मी भांडलो असतो, शिव्या दिल्या असत्या, आणि मग दोघांनी एकाच पुस्तकातून अभ्यास करून परीक्षा दिली असती. त्यात जो हरला असता तो हरला असता.

खोडके सर, तुम्हाला अजून नीट दिसतं, तुम्ही अजून पेपर वाचता, हेही वाचाल. मला माफी नको, चहा नको, मी मालक झालो हे तुमच्या तोंडून ऐकायचं नाही. जाळ पेटला होता तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं की एक पुस्तक घरी आहे. मग माह्या पुस्तकाले हात लावताना तुमच्या मनात काय होतं, ते सांगा. गावासमोर सांगा, मधुकर समोर बसलेला असताना सांगा. मी वाट पाहून राह्यलो.